पथकप्रमुखांचा आंधळा कोपरा

लिंबू क्रमांक सतरा गैरहजर होतं.

पथकप्रमुखांनी झाडाखाली उभं राहून पुन्हा एकदा हजेरी घेतली. एकापासून तेवीसपर्यंत प्रत्येक लिंबावर त्यांनी स्वतःच्या हाताने, न पुसणाऱ्या काळ्या पेनाने आसनक्रमांक घातले होते. परीक्षा मंडळाच्या भरारी पथकात सव्वीस वर्षं कॉपी पकडण्यात घालवलेला माणूस लिंबाच्या झाडाकडे दुसऱ्या कोणत्या नजरेने बघणार? शनिवारी संध्याकाळी तेवीसच्या तेवीस उमेदवार आपापल्या फांदीवर हजर होते. रविवारी दुपारी क्रमांक चार आणि क्रमांक सतरा बेपत्ता. मागच्या रविवारी नंबर घातलेले नव्हते, पण तेव्हाही दोन कमी झाली होती, त्याच्या मागच्या रविवारीही दोनच. चोर वक्तशीर होता, शिस्तीचा होता आणि दोनाच्या वर हात मारत नव्हता. असा माणूस खरं तर मंडळाच्या कार्यालयात हवा होता.

"कुणीतरी आपल्या आवारात शिरतंय," पथकप्रमुखांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं.

"लिंबासाठी?" बायको भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"आज लिंबू नेलं, उद्या..." उद्या काय नेतील ते पथकप्रमुखांना चटकन सुचेना. टीव्ही दोन चापट्या खाल्ल्याशिवाय लागत नव्हता आणि फ्रीजचं दार दोरीने बांधलेलं होतं. "उद्या काहीही नेतील!"

"टीव्ही नेला तर बरंच होईल, बाबा," दहावीतली लेक आतून ओरडली.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण पथकप्रमुख ती मेले तरी सांगणार नाहीत. गल्लीत त्यांना जो मान होता तो दोन पायांवर उभा होता. एक पाय म्हणजे भरारी पथक. 'बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं, चूक सारखी आली की बाकं शेजारी आहेत असं समजावं,' हे त्यांचं वाक्य गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. दुसरा पाय म्हणजे रविवारचं शब्दकोडं. पेपरात दर रविवारी पानभर महाकोडं यायचं आणि बरोबर नऊ वाजता पथकप्रमुख त्याची सगळी उत्तरं गल्लीच्या फोनवरच्या गटावर टाकायचे. लोक हात जोडल्याची, टाळ्यांची चित्रं पाठवायचे. 'काय बुद्धी हो!' असं कुणीतरी लिहायचंच.

ते कोडं पथकप्रमुख स्वतः सोडवायचे. म्हणजे बरंचसं. म्हणजे अर्धं तरी. बरं, एक चतुर्थांश. उरलेल्याची ते 'पडताळणी' करायचे. शेजारच्या घरात निवृत्त हेडसर राहत. हेडसर रविवारी पहाटेच उठून अख्खं कोडं शाईने सोडवत आणि पेपर मागच्या पडवीतल्या स्टुलावर ठेवून फिरायला जात. दोन घरांमध्ये गळ्याइतकी भिंत. भिंतीच्या अलीकडे लिंबाचं झाड. झाडाखाली पथकप्रमुख रंगाची रिकामी बादली उपडी घालत, तिच्यावर चढत, चष्मा नाकावर ढकलत आणि खिशातल्या डायरीत 'पडताळणी' उतरवून घेत. याला कॉपी म्हणत नाहीत. कॉपी विद्यार्थी करतात.

आणि हा मान आता फारच जपून ठेवायला हवा होता. आठ महिन्यांनी निवृत्ती होती. पथकाची जीप जाणार, तिच्यावरची पाटी जाणार. एकदा 'प्रमुख' गेलं की मागे काय उरतं? नुसता माणूस. त्याला कोण विचारतो? पण नेमकी याच सुमाराला गल्लीची सुरक्षा समिती व्हायची होती आणि तिला एक प्रमुख लागणार होता. स्वतःच्या घरातला लिंबूचोर ज्याला सापडत नाही, त्याला सुरक्षाप्रमुख कोण करणार?

म्हणून ते आधी पोलीस चौकीत गेले.

हवालदार भला माणूस होता. त्याने वही उघडली, पेन झटकलं. "काय गेलं?"

"लिंबं. दोन."

हवालदाराने पेनाला टोपण लावलं.

"ओळखीची खूण आहे!" पथकप्रमुख घाईने म्हणाले. "दोघांवर आसनक्रमांक आहेत. चार आणि सतरा."

हवालदाराने आत तोंड करून हाक मारली, "साहेब, जरा बाहेर या. काका, आता हेच साहेबांना सांगा. जसंच्या तसं सांगा." पथकप्रमुखांनी साहेबांना सांगितलं. मग साहेबांनी चहावाल्याला बोलावलं आणि ते परत एकदा सांगायला लावलं. शेवटी डोळे पुसत साहेब म्हणाले, "कॅमेरे लावा. काही दिसलं तर या. नाही दिसलं तरी या. आमचा दिवस बरा जातो."

कॅमेरेवाल्या बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. खांद्यावर शिडी, कानावर पेन्सिल, कमरेच्या पट्ट्यात पकडी आणि पेचकस. पथकप्रमुखांना हे घर सोळा वर्षांत जेवढं कळलं नव्हतं, तेवढं बाईंना दहा मिनिटांत कळलं.

"पुढचं फाटक एक, पुढचं दार दोन, मागचं दार तीन, बाजूच्या बोळातलं दार चार. चार दारं, चार कॅमेरे. मागच्या दारावरचा असा तिरका धरला की लिंबाचं झाड, भिंत, शेजारची पडवी, सगळं एका फटक्यात येतं."

"भिंत नको," पथकप्रमुख म्हणाले.

"चोर भिंतीवरूनच येणार ना साहेब? फाटकाची कडी वाजवून कोण लिंबं चोरतं?"

"तरी नको. या तीन नंबरला कुठपर्यंत दिसतं?"

"एकशे दहा अंश."

"आणि कुठे दिसत नाही?"

बाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "हे सगळेच विचारतात हो साहेब. फक्त कॅमेरे लावून झाल्यावर, बायकापोरं आत गेल्यावर, हळूच विचारतात. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत."

पथकप्रमुखांचे कान लाल झाले. पण कानांच्या मध्ये जे डोकं होतं ते सव्वीस वर्षं शासकीय सेवेत घासलेलं होतं. त्यातून तत्त्व बाहेर पडलं. "शेजाऱ्याच्या आयुष्यात डोकावणं," ते छाती काढून म्हणाले, "माझ्या तत्त्वात बसत नाही."

मागे कोपऱ्यात उपडी बादली होती. तिने काही ऐकल्याचं दाखवलं नाही.

आता लगेच कॅमेरे लागायला हवे होते. पण आडवा आला गल्लीच्या नियमावलीतला नियम क्रमांक चौदा: 'घराच्या बाहेरील भिंतीस कोणतेही उपकरण बसविण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची लेखी ना हरकत तीन प्रतींत घ्यावी.' हा नियम चार वर्षांपूर्वी कुणी केला होता? पथकप्रमुखांनीच. डाव्या बाजूच्या विमावाल्याने खिडकीत तारेवर टॉवेल वाळत घालायला एक खिळा ठोकला होता, त्याला अद्दल घडवण्यासाठी.

विमावाल्याने खिळा विसरलेला नव्हता. त्याने तिन्ही प्रती शांतपणे वाचल्या. एक बोट ओठावर ठेवलं. मग म्हणाला, "हरकत कशाची? आपलीच माणसं आपण. फक्त एक नंबरमध्ये माझी स्कूटर आली पाहिजे. आणि माझं दार अजिबात येता कामा नये."

"स्कूटर तुमच्या दारातच लावता ना तुम्ही?"

"तो तुमच्या कॅमेऱ्याचा प्रश्न झाला."

उजव्या बाजूच्या हेडसरांनी अर्ज ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवला. त्यावर लाल शाईत सात गोल होते आणि खाली शेरा: 'विचार गोंधळलेला. पुन्हा लिहा.' पथकप्रमुखांनी पुन्हा लिहिला. शेरा आला: 'लांबण. मुद्द्याचे बोला.' तिसऱ्या वेळी त्यांनी लेकीकडून लिहून घेतला, आणि त्यावर 'समाधानकारक प्रगती' असं लिहून हेडसरांनी सही केली. बापाच्या नावावर मिळालेला तो शेरा लेकीने आठवडाभर फ्रीजच्या दोरीला अडकवून ठेवला.

इथवर सगळं पथकप्रमुखांनी गिळलं. पण हेडसर सही देऊन थांबले नाहीत. ते स्वतः भिंतीपाशी आले.

"प्रमुख, ऐकलं ते खरं का? आमची पडवी दिसू नये म्हणून तुम्ही कॅमेरा फिरवायला लावलात?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, सर."

हेडसरांचे डोळे पाणावले. "अहो, असा शेजारी शोधून सापडायचा नाही! पण मी तुम्हाला आग्रहाने सांगतो, खुशाल लावा इकडे. माझं आयुष्य उघडं पुस्तक आहे. कुणीही वाचावं."

"नको सर."

"लावाच!"

"नको हो सर!"

"हा माझा हट्ट समजा!"

अशी दोन सज्जन माणसं भिंतीच्या दोन बाजूंनी पाऊण तास एकमेकांवर सौजन्य फेकत राहिली. अखेर पथकप्रमुखांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की सरांच्या पडवीकडे कॅमेरा वळला तर आपल्याला झोप लागणार नाही. हे अगदी शब्दशः खरं होतं.

कॅमेरे बसवायच्या दिवशी गल्ली लोटली. शिडीवर माणूस चढला की खालच्या प्रत्येकाला अक्कल फुटते, हा जगाचा नियम आहे. एकाचं म्हणणं कॅमेरा खाली हवा, म्हणजे चोराचा चेहरा येईल. दुसऱ्याचं म्हणणं वर हवा, नाहीतर चोर आधी कॅमेराच नेईल. विमावाला "अजून जरा स्कूटरकडे, अजून जरा" असं म्हणत राहिला, मग त्याची बायको बाहेर आली आणि "आमच्या दारात काय आहे बघण्यासारखं?" असं म्हणाली, तसा तो "अजून जरा आकाशाकडे" असं म्हणायला लागला. एक नंबरच्या कॅमेऱ्यात शेवटी विजेची तार आणि तिच्यावर बसलेला एक कावळा एवढंच आलं. कावळा मात्र सुरेख आला.

दोन नंबरची जागा पथकप्रमुखांनी स्वतः ठरवली. भरारी पथकाच्या शास्त्राप्रमाणे देखरेख नेहमी उंचावरून करायची असते. त्यामुळे पुढच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाचं त्या कॅमेऱ्यात फक्त टक्कल दिसायचं. दुसऱ्या दिवशी पथकप्रमुख कामावरून परत आले तेव्हा लेक पडद्याकडे बघून आईला म्हणाली, "आई, दारात कुणीतरी म्हातारे आलेत." पथकप्रमुख त्या दिवशी टोपी घालून जेवले.

चार नंबरसाठी बोळाच्या भिंतीत ड्रिल मशीन लावलं. बाई म्हणाल्या, "साहेब, इथून पाण्याची लाइन जात नाही ना?" पथकप्रमुख म्हणाले, "मी हे घर उभं राहताना बघितलंय." त्यांनी ते बघितलं होतंच, फक्त त्या दिवशी ते पलीकडच्या बाजूला उभे होते. पुढच्या मिनिटाला बोळात असं कारंजं उडालं की गल्लीतली पोरं टॉवेल घेऊन आली.

आणि तीन नंबर? तीन नंबर त्यांनी बाईंकडून बोटाबोटाने सरकवून घेतला. झाडाचा शेंडा दिसावा, बुंधा दिसू नये. वाळत घातलेले कपडे दिसावेत, भिंत दिसू नये.

"साहेब, या कॅमेऱ्यात चोराला यायचं असेल तर त्याला आधी तुमचं धोतर... म्हणजे तुमची चादर नेसून यावं लागेल," बाई शिडीवरून म्हणाल्या. "हा बघा, हा एवढा कोपरा आंधळा राहतो. नेमका झाडाखालचा."

"राहू दे," पथकप्रमुख कृतार्थपणे म्हणाले. "प्रत्येक घराला एक कोपरा असावा."

बायकोला मात्र तो तीन नंबर पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपायला लागला. "अहो, ह्याची नजर दिवसभर माझ्या दोरीवर. मी काय परकर वाळत घालायचे की नाही?"

"ते यंत्र आहे गं. त्याला काय कळतं?"

"मला कळतं ना!"

समितीची सभा रविवारी दहा वाजता पथकप्रमुखांच्याच बैठकीच्या खोलीत ठरली. विषय दोन: लिंबूचोराचा पर्दाफाश आणि सुरक्षाप्रमुखाची निवड. पहिला झाला की दुसरा आपोआप होणार होता. आणि इथे पथकप्रमुखांनी ती गोष्ट केली, जी या भूतलावर फक्त परीक्षा मंडळाचा माणूसच करू शकतो. त्यांनी रेकॉर्डिंग सीलबंद केलं.

लेक म्हणाली, "बाबा, आधी आपण एकदा बघून घेऊ या ना."

"प्रश्नपत्रिकेचं पाकीट आधी कुणी बघतं? मग परीक्षेला अर्थ काय राहिला? सर्वांसमक्ष फोडायचं. दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन." शनिवारी संध्याकाळी सहाला त्यांनी रेकॉर्डिंगचा डबा कपाटात ठेवला, टीव्हीची वायर काढली, कपाटाला कुलूप घातलं, कुलपावर कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीवर विमावाल्याची आणि हेडसरांची सही घेतली. लाख शिल्लक नव्हती म्हणून मेणबत्ती वापरली. आता चार कॅमेरे काय बघतात ते उद्या दहापर्यंत देवालाही कळणार नव्हतं.

साडेसहाला बायको धुतलेल्या चादरी घेऊन मागे गेली. तीन नंबर तिच्याकडे टक लावून होता. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, जळमटं काढायची काठी उचलली आणि त्याचं तोंड कोपराने ढकलावं तसं ढकलून भिंतीकडे केलं. खोड्या करणाऱ्या पोराला वर्गात उभं करतात ना, तसं.

रविवारी नऊ वाजता उत्तरं गटावर पडली. टाळ्या पडल्या. साडेनऊला हजेरी झाली: नऊ आणि बारा गैरहजर. पथकप्रमुखांना इतका आनंद झाला की त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

दहा वाजता खोली भरली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून विमावाला स्वतःचं स्टूल घेऊन आला. हेडसर आणि हेडकाकू पुढच्या ओळीत बसले. कॅमेरेवाल्या बाई बोळातला नळ गळतोय का ते बघायला आल्या होत्या, त्यांनाही बसवून घेतलं. पथकप्रमुखांनी सील सर्वांना दाखवलं, साक्षीदारांकडून सह्या ओळखून घेतल्या, पट्टी फोडली. मग छोटंसं भाषण केलं.

"सुरक्षा म्हणजे विश्वास. माझा नियम पंधरा म्हणून असा प्रस्ताव आहे की जो कोणी प्रमुख होईल, त्याच्या घराचं रेकॉर्डिंग दर महिन्याला असंच सर्वांसमक्ष फोडण्यात यावं. ज्याचं मन स्वच्छ, त्याला भीती कशाची?"

टाळ्या झाल्या. टीव्हीला दोन चापट्या बसल्या. लेकीने रिमोट हातात घेतला.

एक नंबरमध्ये कावळा होता. दोन नंबरमध्ये कॅमेऱ्याच्या काचेवर पाल बसलेली होती, आणि ती पडद्यावर मगरीएवढी दिसल्यामुळे हेडकाकूंनी पाय वर घेतले. मग लेकीने तीन नंबर लावला, रविवार, सकाळचे सहा.

पथकप्रमुखांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. पडद्यावर भिंत होती. पूर्ण भिंत, झाडाचा बुंधा, सरांची पडवी, स्टूल. एकशे दहा अंश, बाई म्हणाल्या होत्या ते अगदी खरं होतं.

"हा... हा कॅमेरा हललेला दिसतो. चार नंबर लाव गं."

"का बरं?" विमावाला स्टूल पुढे ओढत म्हणाला. "याच्यात तर झाड छान आलंय."

सहा वाजून दहा मिनिटं. पडद्यावर पथकप्रमुखांची बायको आली. तिने झाडावरची दोन लिंबं तोडली, पदराला पुसली आणि भिंतीवरून पलीकडे दिली. पलीकडून हेडकाकूंचा हात आला.

खोलीत एकदम कुजबुज झाली. पथकप्रमुखांनी बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे बघत होती. "मला वाटलं त्याला नुसत्या विटा दिसतील," ती पुटपुटली.

"म्हणजे चोर घरातलाच!" कुणीतरी म्हणालं.

पडद्यावर हेडकाकू पडवीत गेल्या. घडी घातलेला पेपर त्यांनी उचलला, उलगडला, कोड्याचं पान वर केलं, स्टूल ओढून भिंतीजवळ आणलं, आणि पेपर वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्यावर एक लिंबू, नंबर खाली करून, ठेवलं.

"बाबा," लेकीने अगदी गोड आवाजात विचारलं, "पुढे ढकलू का?"

पथकप्रमुखांच्या घशात 'हो' तयार होतं. पण समोर फोडलेलं सील होतं, दोन साक्षीदार होते, आणि सव्वीस वर्षांची जीभ होती. ती जीभ आपोआप चालली. "नाही. नियम म्हणजे नियम. पूर्ण दाखव."

सहा वाजून पंचवीस. पडद्यावर एक टक्कल आलं. त्याने बादली उपडी घातली. बादलीवर चढलं. चष्मा नाकावर ढकलला. मान लांब केली, अजून लांब केली, खिशातून डायरी काढली, आणि भिंतीपलीकडे बघून लिहायला लागलं. मध्येच ते लिंबू एका शब्दावर आलं असावं, कारण टकलाने एक काठी घेऊन ते नाजूकपणे बाजूला सारलं.

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पण तेवढ्यात विमावाल्याचं हसू पडलं.

हेडसर उठले. त्यांनी घसा साफ केला, आणि वीस वर्षांपूर्वी वर्ग जसा गप्प व्हायचा तशी खोली गप्प झाली.

"प्रमुख, आजच्या उभ्या सातचं उत्तर तुम्ही काय दिलंत?"

पथकप्रमुखांना आठवेना. नक्कल करणाऱ्याला उत्तर कधीच आठवत नसतं, हे त्यांनीच कितीदा अहवालात लिहिलं होतं. लेकीने फोनवर बघून वाचलं. "जिराफ."

"आणि प्रश्न काय होता?"

"पाण्यात राहणारा, कठीण पाठीचा. तीन अक्षरी."

"कासव," हेडसर म्हणाले. "जिराफ मी मुद्दाम लिहिला. त्यासाठी आडव्या तीन शब्दांची हाडं मोडावी लागली मला. दोन महिन्यांपूर्वी माझी एक चूक जशीच्या तशी गटावर आली, तेव्हाच पाल चुकचुकली होती. तुम्हीच सांगता ना? बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं..."

"चूक सारखी आली की बाकं शेजारी आहेत असं समजावं!" अख्ख्या खोलीने एका सुरात पुरं केलं. शेंबड्या पोरांसकट.

"पण हे असं उलगडून कोण ठेवतं, ते मला ठाऊक नव्हतं," हेडसर आता स्वतःच्या बायकोकडे वळले.

"अहो, तुम्ही घडी घालून ठेवायचात," हेडकाकू म्हणाल्या. "वहिनी एकदा आल्या. म्हणाल्या, उत्तरं मिळाली नाहीत की हे बुधवारपर्यंत घरात कुणाशी धड बोलत नाहीत, तर पेपर जरा उघडा ठेवाल का? मी म्हटलं, ठेवीन की. मग त्या लिंबं द्यायला लागल्या. एवढ्या प्रेमाने आणतात, नको कसं म्हणणार? नंबर मात्र जाता जात नाहीत हो त्यांच्यावरचे."

म्हणजे ज्या लिंबांसाठी पोलीस चौकी झाली, नळ फुटला, सात लाल गोल पडले, ती लिंबं पथकप्रमुखांच्याच पडताळणीची फी होती.

"तुला माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारलं. आवाज चारचौघांत ऐकू जाऊ नये एवढा लहान झाला होता, म्हणून सगळ्यांनी कान पुढे केले.

"अहो, रविवारची उपडी बादली सोमवारी सुलटी कोण करतं?" बायको म्हणाली. "मला काय वाटलं असेल, भूत येऊन पडताळणी करतं?"

विमावाल्याने हात वर केला. "आता प्रमुखपदाचं काय? मी म्हणतो, दुसरं कुणीतरी..."

"थांबा," हेडसर म्हणाले. "या माणसाने स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतः सील केला, स्वतः फोडला, आणि 'पूर्ण दाखव' म्हणाला. भरारी पथकाने सव्वीस वर्षांत याच्यापेक्षा चोख केस पकडली नसेल. गुन्हा सिद्ध आहे. निकाल राखून ठेवू. पुढच्या रविवारी सकाळी सहाला माझ्या पडवीत फेरपरीक्षा. स्वतःचं पेन आणायचं. तीन नंबर असाच राहू द्या."

पुढच्या रविवारी गल्लीने जे पाहिलं ते कुठल्याही मालिकेत नसतं. लेकीने तीन नंबर सगळ्यांच्या फोनवर जोडून दिला होता. पथकप्रमुख हेडसरांच्या पडवीत, भिंतीकडे पाठ करून, एकटे एका खुर्चीवर. समोर हेडसर, हातात लाल पेन. पथकप्रमुखांनी पाणी प्यायला उठायचं म्हटलं तर सर म्हणाले, "हात वर करा." त्यांनी हात वर केला. अडीच तास ते एका चौकोनाकडून दुसऱ्याकडे बघत राहिले. बेचाळीसपैकी अकरा शब्द भरले. हेडसरांनी तपासले, नऊ बरोबर निघाले. 'नापास' असं त्यांनी लिहिलं, मग थोडा विचार करून खाली लिहिलं, 'पण अक्षर स्वतःचे.'

नऊ वाजता गटावर नऊ उत्तरं पडली. टाळी एकच पडली. ती बायकोची होती.

निवड मात्र त्याच दिवशी झाली, आणि बिनविरोध झाली. विमावाल्याने अर्ज भरला होता, तो नियम पंधरा वाचून मागे घेतला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी प्रकृतीचं कारण दिलं. आणखी दोघांना अचानक गावाला जायचं निघालं. महिन्याला एकदा स्वतःच्या घराचं रेकॉर्डिंग सर्वांसमक्ष फोडायला गल्लीत एकच माणूस तयार होता, कारण त्याचं आता फोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पथकप्रमुख सुरक्षाप्रमुख झाले. अभिनंदन करताना लोक त्यांच्या डोळ्यांकडे न बघता टकलाकडे बघत होते, पण 'प्रमुख' म्हणत होते.

आठवड्याभरात पाच घरांनी कॅमेरे मागवले. बाई सांगत होत्या, आता लोकांना दुसऱ्या दिवसापर्यंतही धीर निघत नाही. फोन लागल्या लागल्या विचारतात, "बाई, त्याला कुठे दिसत नाही?"

रंगाच्या बादलीत बायकोने माती भरून मिरचीचं रोप लावलं. आता ती उपडी होणार नव्हती. रोपाला पहिल्या तीन मिरच्या लागल्या त्या दिवशी पथकप्रमुख झाडाखाली गेले, वाकले, खिशातून काळं पेन काढलं, टोपण उघडलं. मग त्यांनी मान वर केली. तीन नंबर त्यांच्याकडेच बघत होता.

त्यांनी टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं, आणि कॅमेऱ्याला दिसेल असा हात वर करून विचारलं, "सर, नंबर घालू का?"

भिंतीपलीकडून उत्तर आलं, "बसा खाली!"